राजाबाईचं उटणं

निपाणीत परकं माणूस सर्व्हिस मोटारीतून उतरलं की आधी शिंकतं आणि मग पत्ता विचारतं. गावाच्या हवेतच तंबाखू आहे. गावच्या माणसाला त्याचं काही नाही, कारण त्याला तो वास येतच नाही. राजाबाईलाही येत नव्हता. एरवी नाक तिचं असं तिखट, की शेजारणीचं कालवण करपायच्या आधी हिला कळायचं. पण ज्या तंबाखूत ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून असायची, ती मात्र तिच्या नाकाच्या गावीही नव्हती. नाकाचं जे झालं होतं तेच अंगाचंही झालं होतं, आणि हे तिच्या ध्यानात आलं नाही, त्याचीच ही गोष्ट. साल पस्तीस-छत्तीस असेल, महायुद्धाच्या आधीचं.

ती मूळची शहापूरची. बेळगावला चिकटलेलं, मागांच्या खटखटीचं शहापूर. लग्न होऊन बोरगावला आली, तर तिथंही सासरी मागच. पुढं गिरणीची स्वस्त लुगडी बाजारात आली, हातमागाला कुणी विचारीना, आणि एका पावसाळ्यात मागाची लाकडं चुलीत गेली. नवरा भरमू तिला आणि तान्ह्या यल्लव्वाला घेऊन निपाणीला आला. भरमू तंबाखूची पोती गाडीत चढवायला लागला आणि राजाबाई वखारीत बसली.

वखार म्हणजे पत्र्याचं मोठं छप्पर, खाली तंबाखूचे ढीग आणि ढिगांभोवती बायका. पानं बडवायची, चाळायची, काड्या निवडायच्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत राजाबाईचं डोकं गरगरायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं, हातपाय गार पडले आणि ती खांबाला धरून ओकली. तिला वाटलं, आपण आता मरतो. शेजारी नागुबाई बसली होती, तंबाखूत केस पिकवलेली जुनी बाई. ती हसत होती.

"लागली तंबाखू," नागुबाई म्हणाली. "समद्यास्नी लागती बाई. धूळ नाकातोंडात गेली की असंच व्हतंय. एकदा लागून गेली की मग लागत न्हाय. मग तूबी आमच्यातली."

तसंच झालं. थोड्या दिवसांत ओकारी थांबली. वर्षभरात राजाबाई इतर बायकांसारखी सकाळी भाजल्या तंबाखूची मशेरी लावू लागली, दात काळे झाले, आणि त्या पहिल्या दिवसाची ती स्वतःच थट्टा करू लागली. नागुबाई मात्र पुढं खोकून खोकून वाळली. शेवटी शेवटी ती ढिगाशी बसायची तेव्हा तंबाखूचा ढीग कुठला आणि नागुबाई कुठली, हे लांबून कळायचं नाही. एक दिवस ती आली नाही. मुकादमानं तिची चाळणी तिच्या लेकीच्या हातात दिली. लेक ओकली, बायका हसल्या, आणि काम सुरू झालं.

त्या दिवसापासून राजाबाईच्या पोटात भीती बसली ती उठलीच नाही. स्वतःची नव्हे, यल्लव्वाची. वखारीतून आली की ती आधी मागच्या परड्यात जायची, लुगडं बदलायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, आणि मगच पोरीला जवळ करायची. भरमू चेष्टा करायचा, "आमच्या घरात सोवळं आलंय बघा." करू दे म्हणायची ती. यल्लव्वाला तिनं मुलींच्या शाळेत घातलं होतं, पण शाळा किती दिवस पुरणार. मुकादम रवळू माणूस वाईट नव्हता. एकदा रस्त्यात पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तो कौतुकानं म्हणाला, "राजाबाई, पोरगी मोठी झाली की गं. आता चाळणी धरंल."

वखारीतून सुटायचं तर दुसरं काहीतरी हाती पाहिजे. तिच्या हाती एकच होतं, आईकडून आलेलं उटणं.

शहापूरला तिची आई दिवाळीला उटणं करायची. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, वाळवलेली संत्र्याची साल, मसुरीचं पीठ. राजाबाईनं आधी तेच केलं आणि वखारीतल्या बायकांना वाटलं. मग तिला हाव सुटली. नाक होतंच, आता नाकाला काम मिळालं. कधी त्यात दवणा घाल, कधी मरवा, कधी अत्तरवाल्याकडचा चंदनाचा चुरा. एकदा कापूर असा सैल हातानं पडला की भरमू ते लावून बाहेर निघाला तर शेजाऱ्यानं विचारलं, "कुणाची मयत करून आलास रं?" एकदा वाळ्यापायी उटण्याला ओल्या मातीचा वास आला आणि यल्लव्वा म्हणाली, "आई, म्या आता कुंभाराच्या घरची वाटतीया." पण चुकत चुकत तिचं एक मिश्रण असं जमून आलं की अंघोळ करून बाई दारातून गेली तरी मागं वास रेंगाळायचा. गुलाब वर, खाली वाळा, आणि अगदी शेवटी कचोऱ्याचा थोडा कडवट वास. बाजारातला एक दुकानदार स्वतःहून म्हणाला, "माझ्याकडं ठेवा, लग्नसराईत खपंल."

अडचण एकच. महिनाभरात वास उडून जायचा. दुकानदारानं पुड्या परत दिल्या. "ह्यात आता नुसतं पीठ ऱ्हायलंय," तो म्हणाला, आणि खोटं बोलत नव्हता.

त्यांच्याच गल्लीत आण्णाप्पा तपकीर करायचा. तंबाखूची मैद्यासारखी भुकटी, त्यात चुन्याची निवळी, वरून गुलाब. त्याची डबी वर्षानं उघडली तरी गुलाब जागा असायचा. राजाबाईनं त्याला विचारलं, आण्णा, तुमचा वास टिकतो कसा. आण्णाप्पा खुशीत आला. "वासाला बसायला घर लागतंय," तो म्हणाला. "पिठात त्यो बसत न्हाय. तंबाखूत बसला की उठत न्हाय."

राजाबाईनं त्याच्याकडून बिनवासाची भुकटी घरी आणली. ज्या वस्तूपासून पोरीला इतकी वर्षं लांब ठेवलं तीच उंबऱ्याच्या आत घेतोय, हे तिला कळत होतं. पण तिनं मनाची समजूत काढली. तंबाखू लागते ती धूळ नाकातोंडात गेल्यावर, असं नागुबाईच म्हणाली होती. अंगाला लावून धुऊन टाकायची वस्तू, ती काय करणार? तरी खात्री करायची म्हणून तिनं आधी स्वतःच्या दोन्ही हातांना उटणं चोळलं. काही झालं नाही. मग वखारीतल्या बायकांना लावायला दिलं. त्यांनाही काही झालं नाही. उलट वासावरून त्यांनी तिला डोक्यावर घेतलं. दुकानदारानंही लग्नसराईसाठी परत पुड्या ठेवून घेतल्या. यल्लव्वाला मात्र तिनं हात लावू दिला नव्हता. का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अशात शहापूरहून सांगावा आला. शालूचं लग्न ठरलं.

शालू म्हणजे राजाबाईच्या थोरल्या बहिणीची, जयाबाईची लेक. जयाबाई पोर लहान असतानाच वारली. मेहुणा यमनाप्पा मागावर बसणारा, अबोल माणूस. त्यानं दुसरं लग्न केलं नाही, माग आणि पोर दोन्ही एकट्यानं सांभाळलं. माय मरो, मावशी उरो म्हणतात. राजाबाई सणासुदीला यायची, शालूची वेणी घालायची, जाताना रडायची. आता पोरीला काकतीचं घर मिळालं होतं, खाऊनपिऊन सुखी. हळदीचं सगळं मावशीनं बघायचं, असं यमनाप्पानं कळवलं. राजाबाईनं भाचीसाठी उटण्याचा वेगळा घाणा केला. अक्षता गोरज मुहूर्ताला, म्हणजे सकाळी लावलेला वास संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे. काकतीच्या बायकांनी विचारलं पाहिजे, हे कुणी केलं. भुकटी घालताना तिनं हात आखडला नाही.

लग्नाच्या सकाळी काकतीहून बैलगाड्या आल्या. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बायका आल्या. पुढं होती नवऱ्याची आई, मालुबाई, धिप्पाड आणि कमी बोलणारी. शालूला पाटावर बसवलं. राजाबाईनं कोमट पाण्यात उटणं कालवलं, त्यात उष्टी हळद मिसळली, आणि ओसरीभर वास पसरला. बायकांनी गाणी म्हणत पोरीला गळ्यापासून पावलांपर्यंत माखलं. पोर उपाशी, अंग घासून गरम झालेलं, उटणं जाड थरानं बसलं आणि तसंच वाळू दिलं.

"वास झकास हाय," मालुबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिच्या जावेनं लगेच विचारलं, "आमच्या दोन पोरींची लग्नं हायत. करून द्याल का?" राजाबाईच्या डोळ्यांपुढं काकतीची लग्नं, बेळगावची दुकानं उभी राहिली. मांडवात बायकांमध्ये बागडणाऱ्या यल्लव्वाकडं बघून तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

ऊन वर आलं तसं शालूचं तोंड उतरलं. आधी ती नुसती गप्प झाली. मग तिच्या ओठांवर घाम आला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि पाटावरून उठायला गेली ती कलंडली आणि काकतीच्या बायकांच्या पुढ्यातच ओकली. एकदा ओकली, परत ओकली. गाणं थांबलं.

"पित्त हाय," राजाबाई पटकन म्हणाली. "पोर कालपासनं उपाशी हाय."

काकतीच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. मालुबाईनं शालूच्या पोटाकडं बघितलं, मग राजाबाईला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"कितवा हाय?" तिनं हळू विचारलं.

राजाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं मालुबाईचा हात धरला.

"तसलं काय न्हाय वो विहीणबाई. देवाशपथ न्हाय."

"शपथेवर सून घरात घेत न्हाईत. आई न्हाय तिला. घरात बाप आन माग. पोर कवा बाहेर बसली, कवा न्हाय, कोण सांगणार मला? सुईण आणावी तर सुरवातीचं सुईणीलाबी कळत न्हाय." मालुबाई रागात नव्हती, तीही भ्यालेली दिसत होती. "अजून गड्यांच्या कानावर घातलं न्हाय म्या. घातलं की गाड्या जुपतील. मग तुमच्या पोरीला कोणबी करणार न्हाय. मलाबी गावात तोंड दाखवायचंय, बाई."

राजाबाई बाहेर आली. शालूला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. अंगावरचं उटणं घामानं ओलं झालं होतं. हात धरला तर गारठलेला, आणि मनगटाशी नाडी उडत होती. ती लाळ, तो घाम, ती गार बोटं. हे तिनं कुठं बघितलं होतं? आणि मग तिला वखारीचा खांब आठवला.

शालूला लागली होती. तंबाखू लागली होती, कातडीतून.

आता खरं सांगायचं तर राजाबाई लगेच बोलली नाही. बोललं की उटणं संपलं, हे तिला दिसत होतं. निपाणीचा एक माणूस हातात घेणार नाही. उटणं संपलं की वखार, आणि तिच्या मागोमाग यल्लव्वा. आणि न बोललं तरी कुणाला कळणार नव्हतं. ऊन लागलं म्हणा, नजर लागली म्हणा, देवाचं म्हणा. तेवढ्यात शालूनं डोळे उघडले.

"मावशे," ती कशीबशी म्हणाली, "बायका काय म्हणत्यात गं? म्या काय बी केलं न्हाय."

राजाबाईनं घागर ओढली, चार बायकांना हाताशी घेतलं आणि आधी पोरीच्या अंगावरचं सगळं धुऊन काढलं. मग ओसरीवर सगळ्या बायकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीचा दोष न्हाय. माझ्या उटण्यात तंबाखू हाय. वास टिकावा म्हणून म्याच घातली. ती लागलीया हिला."

मग मालुबाईची जाऊ हसली, वाईट हसली.

"मावशीच तू. पांघरूण घालणारच."

"खोटं न्हाय वो."

मालुबाईनं पुढं होऊन उटण्याचं तसराळं उचललं, वास घेतला, मान हलवली. "गुलाब हाय ह्यात. आन तंबाखू असली तर असंल. म्या रोज मशेरी लावते, तोंडात धरते. मला कवा वकारी न्हाय आली. अंगाला लावून येती व्हय?" मग तिनं तसराळं राजाबाईपुढं केलं. "बरं, लाव तुझ्या अंगाला. बघू दे आमास्नी."

राजाबाईनं आत जाऊन उरलेल्यातलं अर्धं उटणं कालवलं आणि हातापायांना, पाठीला, पोटाला लावून घेतलं. काकतीच्या बायका दाराशी बसल्या. राजाबाई भिंतीशी बसून वाट बघू लागली. आता गरगरेल, आता पाणी सुटेल. ऊन अंगणात सरकत होतं आणि तिला काहीसुद्धा होत नव्हतं. डोकं स्वच्छ, पोट शांत. इतक्या वर्षांत तंबाखूनं तिचं अंग आपलंसं करून टाकलं होतं, आणि तिला ते आता, ह्या दाराआड कळत होतं. ती स्वतःवरच चिडली. ओक की गं रांडे, ती मनात म्हणाली. एकदा ओक.

"बस झालं," मालुबाई उठली. "म्या मालकास्नी सांगती."

"थांबा विहीणबाई. मला न्हाय लागायची. म्या वखारीतली बाई. मला लागून गेलीया. तुमालाबी न्हाय लागायची, तुमी मशेरी लावता." तिनं ओसरीभर नजर फिरवली. जिकडं बघावं तिकडं मशेरीचे काळे दात. "जिनं तंबाखूला हात लावला न्हाय, तिला लावून बघा."

बोलली मात्र, आणि ओसरीवरच्या सगळ्या आयांनी आपापल्या पोरींना जवळ ओढलं. एकीनं तर आपली पोर पदराखाली झाकली. कोण देणार? आणि कशापायी द्यावी? राजाबाईनं तरी दिली असती का?

मग मालुबाईची नजर खांबाशी उभ्या असलेल्या यल्लव्वावर गेली. "ही तुझीच न्हवं?" ती म्हणाली.

सगळ्या ओसरीवर तंबाखू न शिवलेली, राजाबाईच्या हक्काची एकच पोर होती. आपल्या हातानं घासून घासून, परड्यात पाणी ओतून ओतून तिनं ती तशी ठेवली होती.

तिनं यल्लव्वाला आत नेलं. पोर दहा वर्षांची, अंगानं शालूच्या निम्मी. शालू अजून पुरती सावरली नव्हती. हिला जास्त झालं तर? श्वास अडकला तर? तंबाखूनं कुणी मेल्याचं तिनं वखारीत ऐकलं नव्हतं, पण वखारीत कुणी तंबाखू अंगभर माखून बसलंही नव्हतं.

"आई, मला काय व्हईल?" यल्लव्वानं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गरगरंल. वकारी येईल."

"आन न्हाय आली तर?"

"तर शालूआक्काचं वाटोळं झालं बघ."

यल्लव्वानं परकर सोडला, झंपर काढला आणि ती पाटावर बसली. "थोडं लाव," ती म्हणाली.

राजाबाईला थोडंच लावायचं होतं. पण थोडं लावून काही झालं नाही तर? मग परत लावावं लागणार, आणि तोवर मुहूर्त टळणार. तिचे हात लावत राहिले, पाठीला, मांड्यांना, पोटाला. मालुबाई उंबऱ्यात बसून बघत होती. बाहेर वाजंत्री येऊन बसली होती, सनई उगाच सूर धरून बघत होती. यमनाप्पा कुणालातरी पाणी देत होता. त्याला बिचाऱ्याला अजून पत्ता नव्हता.

मग वाट बघणं सुरू झालं. यल्लव्वा पाटावर बसून होती आणि आईच्या तोंडाकडं बघत होती. काही होईना. मालुबाईनं पदरानं वारा घेतला, मांडी बदलली. कौलांच्या फटीतलं ऊन भिंतीवर चढलं. राजाबाईच्या पोटात दोन भीती एकमेकींना ढकलत होत्या. पोरीला काही होऊ नये, आणि पोरीला होऊ दे. ती यल्लम्मा देवीला हात जोडायची आणि जोडलेले हात तसेच राहायचे, कारण मागायचं काय ते ठरेना. शेवटी तिनं मागितलं. यल्लम्मा, माझ्या पोरीला ओकारी येऊ दे. असं मागणारी आई जगात दुसरी नसेल, असं तिला वाटलं, आणि तरीही तिनं परत मागितलं.

"आई," यल्लव्वा म्हणाली, "थंडी वाजतीया."

तिच्या ओठांवर घामाचे थेंब आले होते. मग लाळ आली. पोरीनं उठायचा प्रयत्न केला आणि तिचे पाय दुमडले. राजाबाईनं तिला कवेत धरलं तशी यल्लव्वा आईच्या पदरातच भडभडून ओकली. आणि त्या क्षणी राजाबाईला जो आनंद झाला, तो तिनं पुढं जन्मभर स्वतःला माफ केला नाही.

मालुबाई उठली. तिनं यल्लव्वाचा हात धरला, मग बाहेर जाऊन शालूचा धरला. दोन्ही हात तसेच गार, तसेच चिकट. ती परत आली ती पाण्याची घागर घेऊन, आणि पोरीला स्वतः धुवायला बसली. "पुसून काढ लवकर, बघतीस काय?" ती राजाबाईवर खेकसली. पोर शुद्धीत आहे, श्वास नीट आहे असं बघितल्यावर बाहेर जाऊन तिनं बायकांना ठणकावून सांगितलं, "पोर निर्मळ हाय. मावशीच्या उटण्यानं झालंय. ह्यावर कोण बोलली तर माझ्याशी गाठ हाय." मग तिनं तसराळं उचललं आणि परसातल्या उकिरड्यावर नेऊन उपडं केलं.

गोरज मुहूर्ताला अक्षता पडल्या. शालूचा चेहरा पांढरा होता, पण नवरीचा चेहरा पांढरा असला तर लोक लाजली म्हणतात. निघताना ती मावशीच्या गळ्यात पडली आणि राजाबाईनं तिला घट्ट धरलं, पण तिचं लक्ष आत घोंगड्यावर पडलेल्या यल्लव्वाकडं होतं.

बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? मालुबाईनं शालूचं नाव झाकलं, उटण्याचं झाकायचं तिला कारण नव्हतं. राजाबाई निपाणीला पोचायच्या आधीच बातमी पोचली. दुकानदारानं उरलेल्या पुड्या रवळूच्या हाती परत पाठवल्या होत्या आणि रवळूनं त्या कामापायी निपाणीतच राहिलेल्या भरमूकडं दिल्या होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं बायका म्हणाल्या. हसून म्हणाल्या, वाईट मनानं नव्हे. पण परत कुणी उटणं मागितलं नाही.

ते पुढचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी बेळगावहून मोटारीत बसल्या तेव्हा यल्लव्वा बरीच हुशारली होती. राजाबाई सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघत होती. काकती मागं गेली. घाट गेला. निपाणी जवळ आली तशी पुढं बसलेला एक परका माणूस शिंकायला लागला आणि यल्लव्वा हसली.

"आई," ती म्हणाली, "वखारीतल्या बायका म्हणत्यात न्हवं, एकदा लागून गेली की मग लागत न्हाय?"

"व्हय. म्हणत्यात."

"मग माझं सोपं झालं. आता म्या चाळणी धरली तरी मला काय बी व्हणार न्हाय."

आईला धीर द्यावा म्हणूनच बोलली होती ती. राजाबाईनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि मोटार थांबेपर्यंत तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.